तिसरी प्रत



पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पिंपरी, चिंचवड आणि आकुर्डी. नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर भोसरी. आणि त्याच रस्त्यानें मोशीजवळ इंद्रायणी ओलांडून पुढें गेलें कीं चाकण. कारखान्यांचा हा पट्टा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचें नांव काढतांच मोटारी, मोटारसायकली आणि आपोआप हलणारे यांत्रिक हात असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. तें चित्र खोटें नाहीं; पण अपुरें आहे. मोटारीच्या पोटांतील असंख्य लहान भाग ज्या छोट्या कारखान्यांत घडतात, त्यांच्या कचेऱ्या त्या चित्रांत दिसत नाहींत. आजचें भाषण त्या कचेऱ्यांविषयीं, आणि तेथें अद्याप चालूं असलेल्या एका जुन्या यंत्राविषयीं आहे.

हा पट्टा एका दिवसांत उभा राहिला नाहीं. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजीं अस्तित्वांत आलें, आणि त्यानें आंखून दिलेल्या भूखंडांवर भोसरी-पिंपरीकडील कारखाने वाढले. मालमोटारी आणि स्कूटरी तयार करणाऱ्या मोठ्या कंपन्या आल्या. त्यांच्या मागोमाग त्यांना लागणारे बोल्ट, बुश आणि दांतेरी चाकें पुरविणारे लहान कारखानदार आले. त्यांपैकीं पुष्कळांनीं नोकरी सोडून एका लेथवर आरंभ केला होता. पुढें चाकणला बजाजचा कारखाना १९९९ सालीं आणि फोक्सवॅगनचा २००९ सालीं सुरू झाला, व पट्टा उत्तरेकडे लांबला. पहिल्या पिढीचे कारखानदार आतां सत्तरी ओलांडून गेले. कारभार मुलांच्या, क्वचित् नातवंडांच्या हातीं आला. यंत्रें बदललीं, छपरें बदललीं. कचेरी मात्र पुष्कळ ठिकाणीं होती तशीच राहिली.

पंचवीसतीस कामगारांचा असा एखादा कारखाना आपण डोळ्यांपुढें आणा. मी कोणा एकाचें वर्णन करीत नाहीं. सामान्यतः जें दिसतें तें सांगतों. पुढच्या दालनांत लक्षावधि रुपयांचीं, आंकड्यांच्या आज्ञेनें चालणारीं यंत्रें असतात, आणि तीं केसाच्या जाडीहूनही सूक्ष्म मापानें धातू कापतात. मागच्या कचेरींत मात्र कापडी आच्छादन घातलेला एक छापण्याचा यंत्रसंच असतो. त्याला सर्वजण 'डॉट मॅट्रिक्स' म्हणतात. माल भरून टेंपो दाराशीं लागला कीं आच्छादन निघतें, आणि कर्रकर्र असा आवाज करीत तो प्रिंटर कामास लागतो. दोन्ही कडांना भोकें असलेला, घडीवर घडी पडलेला लांबलचक कागद त्यांतून सरकत बाहेर येतो. कारकून तो फाडतो, त्यावर सही घेतो, आणि टेंपो निघून जातो. बाहेरचा पाहुणा हें पाहून हंसतो. पुढें एवढीं अद्ययावत् यंत्रें, आणि मागें हें काय, असें तो विचारतो. प्रश्न साहजिक आहे. पण त्याचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं.

प्रथम या प्रिंटरची रचना पाहूं. त्याच्या पुढें-मागें सरकणाऱ्या डोक्यांत बारीक सुया असतात. साध्या प्रकारांत त्या नऊ असतात व एकाखालीं एक बसविलेल्या असतात. प्रत्येक सुई विद्युच्चुंबकाच्या धक्क्यानें पुढें उडते, शाईच्या फितीवर आपटते, आणि कागदावर एक ठिपका उमटतो. ठिपक्याठिपक्यांनीं अक्षर तयार होतें. अक्षर सुंदर नसतें, हें खरें. पण त्यामागें आघात असतो, आणि सारें मर्म त्या आघातांत आहे. एकाखालीं एक तीन कागद ठेवले तर वरच्या कागदावरचा ठोसा खालच्या दोहोंवर पोंचतो, आणि एकाच क्षणीं तीन प्रती निघतात. लेसर किंवा शाईचे तुषार उडविणारे नवे प्रिंटर कागदावर ठोसा मारीतच नाहींत. म्हणून त्यांना एका वेळीं एकच प्रत काढतां येते. दुसरी काढावयाची तर ती पुन्हां छापावी लागते.

आतां कोणी म्हणेल, तीन वेळां छापा. त्यांत अडचण कसली? अडचण विश्वासाची आहे. तीन वेळां छापलेल्या कागदांत मधल्या मध्यें एक आंकडा बदलणें शक्य असतें. एकाच ठोशांत निघालेल्या तीन कागदांत तें सोपें नाहीं. पांढऱ्या कागदावर पांचशें नग आणि पिवळ्या कागदावर चारशें नग असें होऊंच शकत नाहीं. शाईनें मागाहून खाडाखोड केली तर ती एकाच प्रतीवर दिसते. म्हणजे या प्रती परस्परांच्या साक्षीदार असतात. एक माल घेणाऱ्याची, एक वाहतूक करणाऱ्याची, आणि तिसरी माल पाठविणाऱ्याची. कायद्यालाही तीन प्रतींची ही वांटणी मान्य आहे. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला, तेव्हां अनेक जुन्या गोष्टी गेल्या; पण मालाचें बीजक तीन प्रतींत करावें, आणि विक्रीखेरीज अन्य कारणानें माल बाहेर पाठवितांना त्याचें चलनही तीन प्रतींत करावें, असें त्याच्या नियमांतही लिहिलेलें आहे. त्या कशावर छापाव्या, हें नियम सांगत नाहीं. तें व्यवहारानें ठरविलें.

त्या तिसऱ्या प्रतीची कथा येथेंच संपत नाहीं. टेंपो मोठ्या कंपनीच्या फाटकाशीं जातो. तेथें पहारेकरी नोंद करतो आणि प्रतीवर आवक झाल्याचा शिक्का मारतो. त्या शिक्क्यांत दिनांक असतो. ती शिक्का मारलेली प्रत परत लहान कारखान्यांत येते आणि फायलींत बसते. पाहुण्याला हा कागद क्षुल्लक वाटेल. वस्तुतः तो कागद म्हणजे लहान कारखानदाराचा पैसा आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयींचा कायदा २००६ सालीं झाला. त्याप्रमाणें नोंदलेल्या सूक्ष्म अथवा लघु उद्योगाचा पैसा खरेदीदारानें, करार कांहींही असला तरी, पंचेचाळीस दिवसांच्या आंत दिला पाहिजे. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दरानें, दरमहा चक्रवाढ पद्धतीनें व्याज द्यावें लागतें. हे दिवस कोणत्या दिवसापासून मोजावयाचे? माल प्रत्यक्ष पोंचल्याच्या दिवसापासून. आणि पंधरा दिवसांच्या आंत लेखी तक्रार आली असेल तर ती दूर झाल्याच्या दिवसापासून. माल कधीं पोंचला, याचा पुरावा विचारला तर लहान कारखानदार काय दाखविणार? शिक्का मारलेली ती तिसरी प्रत. ज्या दिवशीं पगार वांटावयाचे असतात आणि बँकेंत शिल्लक नसते, त्या दिवशीं तिचें मोल कळतें.

या कचेऱ्यांत कागदाचा जीव त्याच्या नियमाहूनही चिवट असतो, याचें एक गमतीदार उदाहरण सांगतों. मोठ्या कंपनीनें कच्चा माल द्यावा आणि लहान कारखान्यानें त्यावर केवळ काम करून तो परत करावा, यास 'जॉबवर्क' म्हणतात. त्या मालाबरोबर जाणाऱ्या चलनाला या पट्ट्यांत 'सत्तावन एफ चार' म्हणण्याची रीत पडली. केंद्रीय अबकारी कराच्या १९४४ च्या नियमांत, १९८६ सालीं आलेल्या मॉडव्हॅट पद्धतीच्या कलमांत तो क्रमांक होता. पुढें ते नियम गेले, त्यांच्या जागीं दुसरे आले, आणि २०१७ सालीं तेही मागें पडले. आज हें काम वस्तु व सेवा कर कायद्याच्या १४३ व्या कलमाखालीं होतें, आणि माल एका वर्षाच्या आंत परत यावा लागतो. तरीही टेंपोचालक फाटकाशीं उभा राहून 'सत्तावन एफ चार' मागतो, आणि समोरच्याला त्याचा अर्थ बिनचूक कळतो. नियम मेला, नांव उरलें. कारण नांवामागची गरज उरली होती.

तात्पर्य, त्या जुन्या प्रिंटरवरून कारखानदाराच्या आळसाचा किंवा कंजुषपणाचा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. यंत्राचा पैसा केव्हांच फिटला आहे; फीत थोडक्या किंमतींत मिळते; धूळ आणि उन्हाळा त्याला बाधत नाहीं; बिघडलें तर दुरुस्त करणारा मनुष्य जवळपास सांपडतो. जें काम त्याला नेमून दिलें आहे, तें तो नव्या यंत्राहून अधिक चांगलें करतो. अशा वस्तूला केवळ वय झालें म्हणून कोणी घराबाहेर काढीत नाहीं.

येथवर ऐकून कांहीं वडीलधारी मंडळी प्रसन्न झालीं असतील. परंतु त्यांना येथेंच निरोप देतां येत नाहीं. कारण त्या कचेरींत जुन्या वस्तू एक नव्हे, दोन असतात. आणि दुसरी वस्तू आवाज करीत नाहीं.

प्रिंटरला आज्ञा देणारा संगणक आणि त्यांतील हिशेबाचा कार्यक्रम, ही ती दुसरी वस्तु. १९८६ सालीं बंगळूरच्या एका कंपनीनें जो कार्यक्रम तयार केला, तोच पुढें टॅली या नांवानें देशभर गेला. पण त्या काळीं पुष्कळ लहान कारखानदारांनीं ओळखीच्या एखाद्या तरुणाकडून आपल्यापुरता स्वतंत्र कार्यक्रम लिहवून घेतला. तो बहुधा डॉसवर चालणाऱ्या फॉक्सप्रोंत लिहिलेला असे. दरपत्रकें, ग्राहकांचीं खातीं, कोणत्या भागाला किती माल लागतो, कोणत्या मालांत किती घट धरावयाची, हें सारें त्यांत भरलें गेलें. तीस वर्षांचें शहाणपण त्यांत सांठलें. मात्र ज्यानें तो लिहिला तो दूर देशीं गेला. आणि ज्याला तो चालवितां येतो असा एकच कारकून उरला. फॉक्सप्रोच्या शेवटच्या आवृत्तीची देखभाल मायक्रोसॉफ्टनें २०१५ च्या जानेवारींत थांबविली. ज्या विंडोजवर असे जुने कार्यक्रम कसेबसे चालत, तिची ३२ बिटांची शेवटची आवृत्ति म्हणजे विंडोज १०. तिची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. त्यापुढील विंडोजवर डॉसच्या काळचे ते कार्यक्रम सरळ उघडत नाहींत. कुशल मनुष्य त्यांतून वाट काढूं शकतो. पण तो मनुष्य त्या दिवशीं मिळाला पाहिजे.

दुसरीकडे सरकारी व्यवहार थांबलेला नाहीं. मालाच्या वाहतुकीसाठीं ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून आलें. ज्यांची वार्षिक उलाढाल पांच कोटींच्या वर गेली आहे, त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यास द्यावयाचें प्रत्येक बीजक सरकारी संकेतस्थळावर नोंदवून त्याचा क्रमांक घ्यावा लागतो. आणि अशा बीजकाला तीन प्रतींचा नियमही लागू राहत नाहीं. जुन्या कार्यक्रमाला त्या संकेतस्थळाशीं बोलतां येत नाहीं. मग कारकून एकच बीजक दोनदां लिहितो: एकदां जुन्या संगणकांत, एकदां नव्यांत. ज्या आंकड्याच्या एकरूपतेसाठीं कार्बनची प्रत जपली, तोच आंकडा दोनदां हातानें लिहिला जातो, आणि चुकीला दार उघडतें. धंदा वाढला हें सुदैव. पण वाढत्या धंद्याबरोबर कचेरी वाढली नाहीं, तर तेंच सुदैव अडचणीचें होतें.

जुन्या कागदांचें आणि वाचकांचें नातें पुण्यास नवें नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी लिपींतील कागदांचे रुमालचे रुमाल आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० नंतरच्या थोड्या वर्षांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. मोडी सहज वाचणारे लोक पुढें कमी होत गेले. पण कागद शाबूत राहिला, आणि म्हणून आजही कोणी परिश्रमानें लिपी शिकला तर दोनशें वर्षांपूर्वींचा हिशेब त्याच्याशीं बोलतो. संगणकाच्या तबकडींतील हिशेबाला ही सवलत नाहीं. तबकडी बिघडली तर लिपी येणारा मनुष्य समोर असूनही उपयोग नाहीं. आणि तबकडी शाबूत असून कार्यक्रम उघडत नसेल, तर कागद पेटींत आणि किल्ली विहिरींत अशी स्थिति होते. वस्तु व सेवा कराच्या कायद्यानें वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवण्यास सांगितलें आहे. जपणें म्हणजे तबकडी कपाटांत ठेवणें नव्हे. मागतील तेव्हां वाचून दाखवितां येणें, हा त्याचा अर्थ.

जगांतही हेंच दिसतें. जपानसारख्या यंत्रप्रवीण देशांत सरकारकडे कांहीं कागदपत्रें फ्लॉपी तबकडीवर द्यावींत, असे नियम २०२४ पर्यंत शिल्लक होते. त्या वर्षीं ते काढून टाकण्यांत आले. वास्तविक सोनी कंपनीनें त्या तबकड्या विकणें २०११ सालींच थांबविलें होतें. आपल्याकडे गोदरेजनें १९५५ सालीं देशी टंकयंत्र तयार केलें. ज्याच्या टकटकीवर कित्येक कचेऱ्या आणि न्यायालयांचीं आवारें चाललीं, त्या यंत्राचें उत्पादन २००९ च्या सुमारास थांबलें. तें ज्या शिरवळच्या कारखान्यांत तयार होई, तो कारखाना आपल्या सातारा जिल्ह्यांतला. पण टंकयंत्र बंद झालें म्हणून त्यावर लिहिलेला एकही दस्तऐवज नष्ट झाला नाहीं. यंत्र गेलें, लिखाण राहिलें. नेमका हाच भेद लहान कारखानदारानें ध्यानांत घ्यावा.

प्रश्न जुनें कीं नवें, असा नाहींच. जें यंत्र बंद पडलें तरी त्याचें काम आपल्या हातीं उरतें, तें जुनें असलें तरी निर्धास्तपणें वापरावें. जें बंद पडतांच आपलें कामही बरोबर घेऊन जातें, तें कालचें असो कीं आजचें, त्यावर सर्वस्व ठेवूं नये. प्रिंटर पहिल्या जातीचा आहे, आणि तो कार्यक्रम दुसऱ्या. गंमत अशी कीं, घरांतील नवी पिढी कारभार हातीं घेते तेव्हां बहुधा आवाज करणारा प्रिंटर आधीं हलविते, कारण तो डोळ्यांना आणि कानांना खुपतो. आणि मुकाट्यानें चालणारा कार्यक्रम तसाच राहूं देते, कारण त्याला हात लावण्याची कोणासच छाती होत नाहीं. क्रम याच्या उलट असावयास हवा.

मग करावें काय? उपाय फार खर्चाचे नाहींत. जुन्या कार्यक्रमांतील सर्व खातीं, दरपत्रकें आणि मालाच्या याद्या साध्या मजकुराच्या रूपांत बाहेर काढाव्या. तसा मजकूर कोणत्याही संगणकावर उघडतो. त्याची एक नक्कल कारखान्यांत आणि एक घरीं ठेवावी. जो कारकून हें सारें जाणतो, त्याच्या शेजारीं दुसऱ्या एकास महिनाभर बसवावें, आणि रोजचें काम कोणत्या क्रमानें होतें तें एका वहींत मराठींत लिहून ठेवावें. हें त्या कारकुनावरील अविश्वासाचें लक्षण नव्हे. उलट, त्याच्या तीस वर्षांच्या कामाचा तो मान आहे. तो आजारी पडला तर त्याला अंथरुणांतून फोनवर बीजकें सांगावीं लागूं नयेत, एवढें तरी मालकाचें कर्तव्य आहेच. नवा कार्यक्रम घेतला तर तिमाहीभर दोन्ही बरोबर चालवावे, आणि दोहोंचे आंकडे जुळल्याखेरीज जुना बंद करूं नये. शिक्का मारलेली तिसरी प्रत मात्र फेंकूं नये. तिचें छायाचित्र घेऊन ठेवावें, आणि मूळही ठेवावें. कंपनीच्या फाटकावर शिक्का पडतो तोंवर त्या प्रतीचें काम संपलेलें नाहीं.

आपणांपैकीं पुष्कळांच्या घरचा कोणी ना कोणी या पट्ट्यांत कामास जातो. कोणाचे यजमान, कोणाची सून, कोणाचा भाचा. त्यांच्या कारखान्याचा पगार वेळेवर होतो कीं नाहीं, हें कित्येकदां त्या मागच्या खोलींतील फायलींवर अवलंबून असतें. आणि स्वतःचा कारखाना असणारे श्रोतेही थोडे नसतील. गुरुवार हा या वसाहतींच्या साप्ताहिक सुटीचा दिवस. येत्या गुरुवारीं यंत्रें थंड असतांना त्यांनीं कचेरींत थोडा वेळ बसावें, कारकुनाला मुद्दाम घरींच राहूं द्यावें, आणि तीन वर्षांपूर्वींचें एखादें बीजक स्वतः उघडून पाहावें. तें सांपडलें, तर जुन्या प्रिंटरला आणखी कांहीं वर्षें खुशाल कर्रकर्र करूं द्यावें. न सांपडलें, तर शुक्रवारीं पहिलें काम कोणतें करावयाचें, तें निराळें सांगण्याची जरूर राहणार नाहीं.